गल्लीची चादर

थंडी पडली की आमच्या मस्तगडातल्या गच्च्यांवर तुरी येतात. गावाकडून कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मामा पोतं आणून टाकतो आणि मग घराघरातल्या बायका त्या पसरतात, निवडतात, ऊन सरकेल तशा सरकवत बसतात. सकाळी शेकोटीचा धूर जिन्यातून वर चढतो. मी स्कूटीवरून एमआयडीसीकडं निघते तेव्हा रस्त्यावरचे सगळे बाइकवाले मफलर गुंडाळून एकसारखे दिसतात, ओळखीचा कोण आणि परका कोण ते कळत नाही. हे दिवस मला फार आवडायचे. वर्षातले तेवढेच महिने आमच्या जालन्यात बाहेर बसावंसं वाटतं, बाकी नुसतं ऊन. पण यंदा तुरी पसरल्या आणि मला ते दिवस नकोसे झाले.

कारण तसं साधं आहे. चौकात नवा फ्लेक्स लागला. कुणीतरी मोठा गायक येतोय, शहराबाहेरच्या, मागच्या थंडीतल्या त्याच मैदानावर, आणि खाली ठळक अक्षरात तिकिटं फक्त ऑनलाइन. फ्लेक्सखाली शकीला आपा उभी होती. चष्मा कपाळावर चढवून ती वरचा फोटो निरखत होती. मला पाहिल्यावर तिनं विचारलं, "कोण येऊन राह्यलं गं, नंदा?" ती आता मोठ्यानं बोलते, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. मी सवयीनं तोंडानं नाव सांगितलं, मग लक्षात आल्यावर फोनवर टाइप करून दाखवलं. तिनं ते वाचलं, "बरं," म्हणाली आणि दुकानाचं शटर उघडायला निघून गेली. गाण्याचं नाव काढल्यावर आपा नुसतं "बरं" म्हणते, हे मला अजून सोसत नाही.

शकीला आपा बांगड्यांचं दुकान चालवते. ती मूळची आमच्याच गावची, राजूरच्या थोडं पुढं, भोकरदनच्या वाटेवरची. माझ्या आईची बालमैत्रीण. लग्न होऊन ती आधी जालन्यात आली आणि पुढं आम्ही गाव सोडलं तेव्हा तिनंच आम्हाला तिच्या गल्लीत खोली पाहून दिली. तिच्या घरी उर्दू, आमच्या घरी मराठी, आणि दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर या दोघींची जी काही भाषा चालते ती त्या दोघींचीच. आईला सगळी गल्ली काकू म्हणते. आपा तिला अजून कमळी म्हणते.

गावाला असताना हुरड्याच्या दिवसांत उरूस भरायचा. रानात ज्वारीची कणसं भाजली जायची, हातातोंडाला काळं लागायचं, आणि संध्याकाळी दर्ग्यासमोरच्या पटांगणात कव्वालीचा मुकाबला. तिकीट नव्हतं. वर्गणी असायची, ज्याला जमेल तशी. पण जागा मात्र धरावी लागायची. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येक गल्लीतून एक जण निघायचा आणि पटांगणात काहीतरी अंथरून यायचा. कुणी पोतं, कुणी पटकूर, कुणी सतरंजी. आमच्या गल्लीची चादर आपाच्या माहेरची असे; उरुसाला ती दर वर्षी जालन्याहून यायची. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची मोठी सोलापुरी चादर, चार कोपऱ्यांना चार दगड. अंधार पडताना आम्ही सगळ्या बायका-पोरी जायचो तेव्हा त्या गर्दीत आधी चादर शोधायची आणि मग माणसं. आपा मधोमध बसलेली असायची, ओरडत, "इकडं या गं, इकडं!"

दुसऱ्याचं अंथरलेलं कुणी उचलायचं नाही, असा रिवाज होता. पण त्याला एक जोडही होती आणि ती मला जास्त आवडायची. पहिली कव्वाली संपेपर्यंतच ती जागा तुमची. पहिली संपली तरी तुम्ही आला नाहीत, तर जागा मागं उभ्या असलेल्या माणसाची. गावातली जुनी माणसं उठून हात करायची, "या, म्होरं या, खाली जागा हाये!" आणि कनातीला टेकून उभे राहिलेले शेजारच्या वाडीवरचे लोक संकोचत, धोतर-लुगडी सावरत पुढं येऊन बसायचे. गाणाऱ्यासमोर रिकामी जागा ठेवायची नाही, तो त्याचा अपमान. हे कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. जेवताना उजवा हात वापरावा इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

फार गोडगोड चित्र रंगवत नाही मी. सगळ्यात पुढं पाटलांच्या लाकडी खुर्च्या असायच्या आणि त्या मात्र रिकाम्या असल्या तरी कुणी हलवत नसे. बायकांची बाजू डावीकडं, जिथून पेटीवाला दिसायचा आणि गाणारा दिसायचा नाही. तरी जागा विकत नसत एवढं खरं. एकदा बाबूराव नावाच्या आमच्या गल्लीतल्या गृहस्थांनी चादरीवरची आपली जागा एका पाहुण्याला दिली आणि बदल्यात चहा-भजी खाल्ली. गल्लीनं त्यांना पुढं कित्येक वर्षं सोडलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते पाटावर बसले की शेजारचा हमखास विचारायचा, "बाबूराव, हा पाट केवढ्याला?"

त्याच पटांगणात एका थंडीत ती आली. तिचं नाव इथं लिहीत नाही. आज तिच्या नावानं मैदानं भरतात, त्या वेळी ती बापाच्या पार्टीत मागं बसून टाळी देणारी एक किडकिडीत पोरगी होती. मी लहान होते, आईच्या मांडीवर पेंगत होते, पण ती गायला लागली आणि आईची मांडी ताठ झालेली मला आठवते. मधल्या विश्रांतीत आपा स्टेजच्या मागं गेली, कारण टाळ्या देऊन देऊन त्या पोरीच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटातून रक्त येत होतं. आपानं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. "इतकं बारीक मनगट अन् त्यातून तो आवाज," हे वाक्य मी आपाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझं पाठ आहे. पुढं ती मोठी झाली, गझला गायला लागली, कॅसेटी निघाल्या. आपाच्या दुकानात बांगड्या भरताना गिऱ्हाईक कळवळलं की आपा टेप मोठा करायची.

मागच्या थंडीत बातमी आली की तीच जालन्याला येतेय. जाहिरातीत लिहिलं होतं, निरोपाचा दौरा.

त्याच महिन्यात मी आपाला कानाच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं होतं. डावा कान केव्हाच गेलेला. उजव्याचंही डॉक्टर म्हणाले, फार धरून चालू नका. मशीन लावलं तरी कुणी बोलतंय एवढं कळेल, सूर कळायचा नाही. आपा बाहेर येऊन बाकावर बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "म्हणजे तिचं येणं अन् माझं जाणं बराबर जमलं म्हण की." मी म्हटलं, असं काही बोलू नको. ती म्हणाली, "बोलत न्हाई. तू फक्त जागा धर. या खेपेला चादर तू टाक."

तेव्हा मी ठरवलं की आपण गल्लीची चादर टाकायची. आई, आपा, आपाची सून, समोरच्या दोघी जावा, मी, पुढच्या घरातली शिक्षिका, अशी सगळी मिळून अकरा माणसं. विक्री सकाळी सुरू होणार होती. मी रजा काढली. फोनच्या पडद्यावर एक छोटासा माणूस चालत होता आणि खाली लिहिलं होतं, तुमच्यापुढं एवढे हजार लोक आहेत. मला त्यातला एकही दिसत नव्हता. उरुसात निदान पुढच्याचं डोकं दिसायचं, त्याला "जरा सरका की" म्हणता यायचं. इथं कुणाला म्हणणार? मैदानाचे भाग पाडलेले होते आणि त्यांना नावं दिली होती, चांदी, सोनं, हिरा. मी चांदीच्या रांगेत थांबले आणि माझा नंबर येता येता चांदीचा भाव वाढला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की मागणीप्रमाणं दर बदलू शकतात. आई माझ्या खांद्यावरून डोकावत होती. तिनं विचारलं, "गाण्याला बी बाजारातल्यासारखी तेजी-मंदी असती का गं?"

तिचा प्रश्न मी तेव्हा उडवून लावला, पण तो राहून राहून आठवतो. कापसाचा भाव वरखाली होतो हे आम्हाला नवीन नाही, त्यात आमचा जन्म गेला. पण तिथं निदान माल असतो. इथं तीच गायिका, तेच गाणं, तेच मैदान. वाढली होती ती फक्त आमची ओढ. आणि ज्याची ओढ जास्त त्याच्याकडून जास्त घ्यायचे, हा कुठला हिशोब? मी ज्या बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते तिथं आम्ही ओल्या कागदावर बिया मांडतो आणि उगवतात का ते पाहतो. सगळ्या बियांना सारखं पाणी द्यायचं, हा आमचा पहिला नियम. जी बी जास्त तहानलेली दिसेल तिला पाणी महाग, असं कुणी म्हटलं तर त्याला आम्ही हाकलून देऊ.

एका नंबरावर ठरावीकच तिकिटं मिळत होती. मी माझ्या फोनवरून काढली, मग नवऱ्याच्या, मग शिक्षिकेच्या, आणि पैसे सगळे माझ्याच कार्डावरून भरले. अकराच्या अकरा झाली. जीव भांड्यात पडला. मी ओट्यावर जाऊन हात वर करून ओरडले आणि आपानं खिडकीतून विचारलं, "टाकली का चादर?" त्या दिवशी गल्लीत गाजराचा हलवा झाला.

चार दिवसांनी संदेश आला. तुमची खरेदी संशयास्पद आढळल्यानं सर्व तिकिटं रद्द करण्यात येत आहेत. चाहत्यांच्या हितासाठी.

चाहत्यांच्या हितासाठी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली. गोड बोलत होती बिचारी, हिंदीत. म्हणाली, मॅडम, एका कार्डावर इतकी तिकिटं म्हणजे आमच्याकडं ती ब्लॅक करणाऱ्यांची खूण मानतात. मी म्हटलं, अहो, गल्लीसाठी काढली. तिनं विचारलं, गल्ली म्हणजे संस्था आहे का, नोंदणी आहे का? मी म्हटलं, गल्ली म्हणजे गल्ली. ती म्हणाली, त्यासाठी आमच्याकडं पर्याय नाही. तोवर सगळी तिकिटं संपलेली होती.

गल्लीतली मंडळी म्हणाली, जाऊ दे. आई म्हणाली, जाऊ दे. आपा संध्याकाळी दुकानात टेप लावून त्याच्या अगदी जवळ, उजवा कान टेकवून बसली होती. गिऱ्हाईक आलं तेही तिला कळलं नाही. मी रस्त्यावरून पाहिलं आणि सरळ बंटीकडं गेले.

बंटी म्हणजे आमच्याच चौकातला मोबाइलचे कव्हर आणि काचा विकणारा पोरगा. पोरगा म्हणते, पण त्यालाही आता दोन लेकरं आहेत. त्याच्याकडं तिकिटं आहेत हे सगळ्या मस्तगडाला माहीत होतं. व्हॉट्सअपवर त्यानं भावासकट टाकलं होतं, आणि तो भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट होता.

"ताई, मी काय कोणाला जबरदस्ती करून राह्यलो का?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "ज्याला पायजे तो घेतो."

"तुला एवढी मिळाली कशी? माझी रद्द झाली."

"तुमचं एकच कार्ड होतं ना. माझ्याकडं गावाकडचे पन्नास पोरं हायेत. पन्नास फोन, पन्नास कार्डं. प्रत्येकाला थोडं थोडं दिलं. सिस्टिमला गल्ली कळत न्हाई ताई, सिस्टिमला कार्ड कळतं."

"तुला गाणं तरी ऐकायचंय का रे?"

"मला?" तो हसला. "मला काय करायचं गाणं? अन् एक सांगा, राग न्हाई धरायचा. तुम्ही बी अकरा घेतल्ते. मी बी घेतले. मंग तुमच्यात अन् माझ्यात फरक काय?"

मी म्हटलं, मी विकणार नव्हते. तो म्हणाला, ते तुम्हाला माहीत, मला माहीत, मशीनला कसं कळावं? जागा धरणारा आणि जागा अडवणारा लांबून सारखेच दिसतात, दोघांचीही चादर जमिनीवरच असते. फरक असतो तो चादर टाकणाऱ्याच्या मनात, आणि पहिली कव्वाली संपल्यावर तो काय करतो त्यात. पण तोवर कोण थांबतंय? बाबूरावांना आम्ही भज्यांवरून आयुष्यभर चिडवलं. बंटीला कुणी चिडवत नाही. उलट लोक म्हणतात, पोरगं हुशार आहे.

एक तिकीट घेतलं. सगळ्यात मागचं, चांदीचं. "आपांसाठी हाये म्हणून कमी करतो," असं म्हणून त्यानं कमी केलेला भावही असा होता की मी तो घरात कुणाला सांगितला नाही. आपानं विचारलं, "बराबर भावात मिळालं ना? ब्लॅकचं असंल तर मला नको." आई पटकन म्हणाली, "बराबर मिळालं." आई खोटं बोलते तेव्हा तिचे हात उगाच काहीतरी आवरायला लागतात. त्या वेळी ती आधीच घडी घातलेला टॉवेल पुन्हा घडी घालत होती.

एकच तिकीट म्हटल्यावर आपा अडून बसली. एकटीनं कव्वाली ऐकायची असते का, म्हणाली. एकटं माणूस दाद कुणाला देणार? "कमळी, तू जा. तुला बी तेवढीच आवड हाये." आईनं तिला झापलं. "माझे कान शाबूत हायेत. मी मोबाइलवर ऐकीन, वर्षभर ऐकीन. तू जातीस का मी तुझ्याशी बोलणं सोडू?" मग आपा उठली आणि ट्रंकेतून ती चादर काढून घेऊन आली. निळा रंग उडून राखाडी झालेली, एका कडेला दुसरा काठ लावलेला. मी म्हटलं, तिथं खुर्च्या असतात. ती म्हणाली, "असू दे. थंडी हाये."

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिला रिक्षानं घेऊन गेले. फाटकावर पोरांनी तिची पिशवी तपासली. पाण्याची बाटली काढून घेतली, शेंगदाण्याची चिक्की काढून घेतली. चादर उलगडून झटकून पाहिली आणि परत दिली. आत जाण्याआधी आपा वळून म्हणाली, "तू इथंच थांब हां. लांब जाऊ नको." मी म्हटलं, कुठं जाते, इथंच आहे. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, बांगड्या किणकिणल्या, आणि ती त्या झगमगाटात शिरली.

मी एकटीच नव्हते बाहेर. कितीतरी लोक होते. कुणी राजूरहून टेम्पो करून आलेले, कुणी एमआयडीसीतून सुटून कामाच्या कपड्यांतच आलेले. एक म्हातारे मास्तर नातीला घेऊन उभे होते. सगळे फाटकाकडं बघत होते, जणू ते अजून उघडेल. बंटी आपल्या बाइकवर बसून फोन नाचवत होता. त्याच्याकडं हिऱ्याची बरीच उरली होती, पण घरात कापूस भरून ठेवलेल्या माणसासारखा तो भाव धरून बसला. ऐन वेळेला चढेल म्हणत राहिला. मास्तरांनी विचारलं, त्यांनाही त्यानं तोच भाव सांगितला. मग आतून टाळ्यांचा आवाज आला, पेटीचा सूर आला, आणि थोड्या वेळानं प्रवेश बंद म्हणून फाटकाला साखळी लागली. तेव्हा कुठं बंटीचा भाव उतरला, आधी निम्म्यावर, मग मूळ किमतीवर, मग म्हणाला, "घ्या ना ताई, फुकट घ्या." पण आता ती तिकिटं घेऊन जायचं कुठं? भिंत उंच होती आणि वारा उलटा. गाणं तुकड्यातुकड्यानं येत होतं. मास्तरांची नात विचारत होती, आजोबा, आत जागा संपली का? ते म्हणाले, हो बेटा, संपली.

मी त्या वेळी एकाच गोष्टीवर समाधान मानलं होतं. निदान आपा आत आहे. निदान तिच्या कानात आज ते सगळं पडतंय, आणि ते तिला पुरेल. पुढं कान गेला तरी आतलं काही जाणार नाही. अशी मनाची समजूत घालत, शाल घट्ट ओढून मी साखळीला टेकून उभी राहिले. मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

कार्यक्रम सुटला. गाड्यांच्या उजेडात माणसं बाहेर येऊ लागली, कुणी गुणगुणत, कुणी फोनवर फोटो पाहत. आपा उशिरा आली. चादर घडी न घालता खांद्यावर टाकलेली, एक टोक जमिनीवर लोळतंय. मला पाहिल्यावर ती थेट रागावलीच.

"का आला न्हाई गं तुम्ही?"

मला काही कळेना. "आपा, आमच्याकडं तिकीट कुठं होतं?"

"तिकीट न्हाई, ठीक हाये. पण पयलं गाणं झाल्यावर तर यायचं ना!" तिनं माझा दंड धरला. "अगं, पुढच्या रांगा खालीच होत्या. पुऱ्या खाली. ती बिचारी गाऊन राह्यली अन् समोर नुसत्या खुर्च्या. मला कसंतरी झालं. मंग मी उठले अन् म्होरं गेले, चादर टाकली. अकरा खुर्च्यांवर बराबर बसली बघ, तिकडून ओढून इकडं."

त्या खुर्च्या बंटीच्या फोनमध्ये होत्या. मी ते तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "कुणी काही बोललं नाही?"

"बोलले ना. बिल्लेवाले पोरं आले, म्हणले, आजी, उठा. मी म्हणलं, माझे माणसं येऊन राह्यले, गेटापाशी उभे हायेत. गाणाऱ्याम्होरं खाली जागा ठेवत न्हाईत रे, सोडा त्यांना आत. ते गेले, दुसरे आले. त्यांना बी तेच सांगितलं. एक जण चादर ओढू लागला, मी सोडली न्हाई. मला वाटलं, आता सोडतेल, पुढच्या गाण्याला सोडतेल. एवढे माणसं बाहेर उभे, अन् एवढ्या खुर्च्या खाली. कोणी बी सोडंल ना?"

मागं मैदानावरचे दिवे एकेक मालवत होते. मी लोळणारं टोक उचललं, धूळ झटकली. मग विचारायला नको होतं ते विचारलं.

"आणि गाणं? कसं झालं गाणं?"

आपा माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी उजव्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं.

"गाणं कुठं ऐकलं, बेटा," ती म्हणाली. "मी तर गेटाकडंच बघत बसले ना."